आई, हे पत्र फोनला वाचू दे

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आई, बाबांना डोळ्यांनी वाचता येत नसलं तरी हे तू वाचून दाखवायचं नाहीस. मुद्दाम बाबांच्या वाचून दाखवणाऱ्या नव्या फोनवर पाठवलंय आणि लांबलचक झालंय म्हणून त्याचे तुकडे केलेत. बाबा, एक तुकडा संपला की एक बोट डावीकडून उजवीकडे सरकवा, पुढचा सुरू होईल. मध्येच चहा आला तर दोन बोटं एकदाच टेकवा, फोन गप्प बसेल. पुन्हा टेकवली की बोलायला लागेल. वाचणाऱ्या बाईचा आवाज कोरडा आहे, मला ठाऊक आहे. मी लाडानं लिहिलेलंही ती स्टेशनवरच्या सूचनेसारखं वाचेल. तेवढं तुम्ही मनातल्या मनात माझ्या आवाजात ऐकून घ्या.

आता आधी ते सांगून टाकते. तुमचा बटणांचा फोन मी बंगळुरूला घेऊन आलेय. फडताळात, उशीखाली, कोटाच्या खिशात शोधू नका आणि आईला शोधायला लावू नका. न विचारता आणला म्हणून रागावला असाल. पण विचारलं असतं तर तुम्ही "राहू दे गं, असू दे जवळ" म्हणाला असता आणि मी नेहमीसारखं ऐकलं असतं. दादानं आणलेल्या रेडिओचं काय झालं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. दोन्ही फोन घरात असते तर हा नवाही तसाच खोक्यात गेला असता. सिम तेच आहे, नंबर तोच आहे, पेन्शनचा मेसेजही तिथंच येणार. जुन्यातले सगळे नंबर नव्यात घातलेत, वारलेल्या माणसांचेसुद्धा. ते काढायला माझा हात धजावला नाही.

पाचाच्या बटणावरचा उंचवटा चाचपून तुम्ही कुणालाही फोन लावत होतात, त्यात तुमचं काहीच अडत नव्हतं. अडत होतं ते मेसेजला. माझा मेसेज सकाळी यायचा आणि आई भजनाहून परत येऊन, चष्मा शोधून, पोळ्या आटोपून तो वाचेपर्यंत दिवेलागण व्हायची. उत्तरही आईच लिहायची. "सगळे ठीक. बाबा बरे. काळजी नसावी." आई, यात तुझी काही चूक नाही हं. मी काळजी करत बसू नये म्हणूनच तू तसं लिहायचीस. पण बाबा न्हाणीत घसरले तेव्हाही मला "सगळे ठीक"च आलं होतं, आणि खरं काय ते शरूआत्याकडून कळेपर्यंत गुडघ्याची सूजही उतरली होती. मला तुमच्या दोघांच्या वेगवेगळ्या बातम्या हव्यात. आईची आईकडून, बाबांची बाबांकडून. बाबांना माझ्याशी आईबद्दल तक्रार करायची असेल तर ती आईलाच टाइप करायला लावायची, हे बरं दिसतं का?

शिवाय पुढच्या महिन्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. एका डोळ्यावर पट्टी असताना ती मेसेज वाचत बसणार नाही, मी बसू देणार नाही. ऑपरेशनच्या आधी मी येतेच आहे, आठवडाभर राहीन. त्यापुढची रजा मिळत नाहीये. मागून पाहिली, पुन्हा मागणार आहे, पण तिच्या भरवशावर राहू नका. म्हणूनच तोवर बाबांचा हात या फोनवर बसायला हवा.

बाबा, तुम्ही म्हणालात, "डोळे गेलेल्या माणसाला गुळगुळीत काच देऊन काय उपयोग?" त्या वेळी मला नीट उत्तर देता आलं नव्हतं, आता देते. टी. व्ही. रमण नावाचे एक गृहस्थ आहेत. जन्म पुण्याचा. चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली, आणि तुमच्याच आजारानं, काचबिंदूनं. पुढे ते पुण्याच्या वाडियात गणित शिकले, मुंबईच्या आयआयटीत गेले, तिथून अमेरिकेत. १९९४ साली कॉर्नेल विद्यापीठाची पीएचडी मिळवली, गणिताची समीकरणं कॉम्प्युटरनं कानाला समजतील अशी कशी वाचावीत यावर. २००५ मध्ये ते गूगलमध्ये लागले आणि तिथं त्यांनी चार्ल्स चेन नावाच्या सहकाऱ्याबरोबर न बघता फोन वापरण्याचं काम हाती घेतलं. त्यांनी नंबर फिरवण्याची केलेली युक्ती ऐका. काचेवर बोट जिथं पहिल्यांदा टेकेल तिथं पाच! मग वर सरकलं की दोन, खाली आठ, वर डावीकडे तिरकं गेलं की एक. चुकलं तर फोन हलवायचा, आकडा पुसला जातो. म्हणजे बटण शोधायला बोटानं जायचंच नाही, बोट असेल तिथं बटण येणार. हे २००९ च्या आसपासचं. तुमच्या फोनमध्ये ही युक्ती नाही, पण टॉकबॅक म्हणून जो वाचणारा आवाज आहे तो त्याच काळात अँड्रॉइड फोनवर आला. मराठीत बोललेलं टाइप व्हायला २०१७ चा ऑगस्ट उजाडावा लागला. तुम्ही ज्याला "आजकालच्या पोरांचे खेळ" म्हणता, त्याच्या मुळाशी न बघता काम करणारा, तुमचाच आजार असलेला माणूस आहे. मला हे वाचल्यापासून फार धीर आलाय.

आणि न बघता निरोप घेणं-देणं तुम्हाला कुणी शिकवावं? विट्याच्या पोस्टात तुम्ही सिग्नलर होतात. कट्ट-कडकट्ट चालू असायचं आणि तुम्ही खिडकीतल्या माणसाशी बोलता बोलता तार उतरवून घ्यायचात. मी बाकावर पाय हलवत बसलेली असायचे. यंत्राकडे बघताना मी तुम्हाला कधी पाहिलं नाही. रात्री मला झोप आली नाही की पाठीवर बोटानं माझं नाव वाजवायचात. दोन लांब, मग एक तोकडा एक लांब, मग एक लांब एक तोकडा, मग दोन तोकडे एक लांब. शेवटच्या लांबापर्यंत मी कधी जागी राहिले असेन असं वाटत नाही. १४ जुलै २०१३ ला देशातली तार बंद झाली, त्या वेळी तुम्ही निवृत्त असूनही खास जाऊन मला एक तार केलीत. ती माझ्याकडे आहे, कपाटात साड्यांच्या खाली. बाबा, त्या तारेनंतर तुमचे स्वतःचे शब्द माझ्याकडे लेखी असे काहीच आले नाहीत.

तर आता काय करायचं ते. फोन हातात घ्या. पाठीवर वरच्या कोपऱ्यात मी फेव्हिकॉलचा एक थेंब वाळवून ठेवलाय, तो लागला म्हणजे ती बाजू वर. दोन्ही अंगठ्यांचे ठसे घेतलेत, कुठलाही लावा. मग "हे गूगल" म्हणा, जरा थांबा, आणि "मनूला मेसेज पाठव" असं सांगा. काय पाठवायचं ते विचारेल, तुम्ही बोला. पाठवण्याआधी विचारेल, तेव्हा "हो" म्हणा. समजा फोनमधल्या बाईला ऐकू आलं नाही, टीव्ही मोठ्यानं चालू असेल तर असं होतं, तर दुसरी वाट. पडद्याच्या अगदी खालच्या ओळीत डावीकडून मी, मग दादा, मग शरूआत्या. बोट फिरवलं की नाव सांगेल, नाव ऐकलं की पटपट दोनदा टकटक करा. लिहायच्या जागेवर पुन्हा दोनदा, मग कीबोर्डवरचा माइक, आणि बोला.

तुम्ही सावकाश बोलता ते चांगलंच आहे, फक्त वाक्याच्या मध्ये फार वेळ थांबू नका, नाहीतर माइक बंद होतो. पूर्णविराम, स्वल्पविराम पडणार नाहीत. पडू देत, तारेत तरी कुठे असायचे. चुका होतील. दिवाळीत तुम्ही बोललात "रात्रीचे थेंब घातले" आणि फोननं लिहिलं "रात्रीचे तेव्हा घातले". मला कळलं ना? तुम्ही मात्र लगेच फोन बाजूला ठेवलात आणि म्हणालात, "मला जमायचं नाही." बाबा, असं करायचं नाही. पाठवण्याआधी एकदा वाचून घ्या, चुकलं असेल तर पुन्हा बोला, आणि कंटाळा आला तर चुकीचंच पाठवा. मी लावून घेईन अर्थ.

आई, आता तुझ्यासाठी. बाबांचा फोन तू हातात घेतलास की तुला वाटतं बिघडला, कारण एकदा दाबलं की तो नुसता बोलतो, उघडत काहीच नाही. तो बिघडलेला नाही. दोनदा टकटक करायचं. फारच अडलं तर कडेची आवाजाची दोन्ही बटणं एकत्र तीन सेकंद धरून ठेव, बोलणं बंद होईल. पण काम झालं की तशीच धरून पुन्हा सुरू कर आणि मगच त्यांच्या हातात दे. विसरलीस तर त्यांच्या हातात नुसती काच उरते. आणि "द्या इकडे, मी करते" असं म्हणू नकोस ना. ते चाचपडताना बघवत नाही, मलाही बघवलं नव्हतं. तेवढा वेळ स्वयंपाकघरात जा.

चार्जरची वायर कॉटच्या उशाशी गाठ मारून बांधली आहे, हाताला लागेल. पिन उलटसुलट कशीही घातली तरी बसते, त्यामुळे बघायची गरज नाही. रोज जेवल्यावर लावायचा. रिचार्ज मी करते, त्याचा विषय काढायचा नाही. इंटरनेट बंद करून "वाचवायचं" नाही, ते बंद असलं की बोललेलं टाइप होताना अडतं. घरच्या ग्रुपचा आवाज मी बंद केलाय, नाहीतर दिवसभर फोन बडबडत राहील. दादाला आणि वहिनीला बजावलंय की फुलांवर लिहिलेली सुप्रभातची चित्रं पाठवू नका, त्यातलं लिहिलेलं बाबांना नीट ऐकू येत नाही. काय म्हणायचंय ते टाइप करा.

एक गोष्ट मात्र सक्त आहे. हा फोन बँकेचा ओटीपीसुद्धा मोठ्यांदा वाचतो. बँकेत किंवा दुकानात असाल तर इअरफोन लावा. तो आकडा कुणालाही सांगायचा नाही, अगदी माझं नाव सांगितलं तरी. "मी पोलीस बोलतोय, तुमच्यावर केस आहे, फोन ठेवू नका" असं कुणी म्हणालं तर ताबडतोब ठेवायचा आणि दादाला सांगायचं. पैसे गेले असं वाटलं तर १९३० वर फोन लावायचा, तो नंबर आईच्या कॅलेंडरवरही लिहून ठेवलाय.

थेंबांचंही लिहिते, कंटाळू नका. गेलेली नजर परत येत नाही हे डॉक्टरांनी सांगितलंच आहे, पण उरलेली थेंबांनीच टिकणार आहे. बरं वाटतंय म्हणून एक रात्रसुद्धा चुकवायची नाही. थेंब घातला की डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटानं हलका दाबून धरा, दुसरं औषध पाच मिनिटांनी. रात्री नऊला फोन आठवण करेल. आणि हो, हा आजार घराण्यात उतरतो म्हणून मी माझ्याही डोळ्यांचा दाब तपासून घेतला. अगदी व्यवस्थित आहे. आई, तू आता त्यावर विचार करत बसू नकोस. दादानं अजून तपासलेला नाही, त्याच्या मागे लागा.

बंगळुरूला या, असं मी आता म्हणणार नाही. ओसरीपासून न्हाणीपर्यंतचं प्रत्येक पाऊल बाबांना ठाऊक आहे, दुपारी कट्ट्यावर चार माणसं येऊन बसतात, आईचं भजन आहे. इथं नवव्या मजल्यावर मी सकाळी आठला बाहेर पडते. तुम्ही नाही म्हणालात ते बरोबरच होतं आणि मला त्याचं वाईट वाटलेलं नाही. थोडं वाटलं, पण ते जाईल. तुम्ही तिथं आणि मी इथं हे ठरलंच आहे, तर मधलं बोलणं तरी आपलं आपल्याला करता यावं, एवढ्याचसाठी हा सगळा खटाटोप.

आई, ऑपरेशननंतर डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, वाकून काही उचलायचं नाही, डॉक्टर सांगतील तोवर चुलीच्या धुराकडे फिरकायचं नाही. वहिनी डबा पाठवणार आहे. मीठ कमी वाटलं तरी तिला बोलू नकोस.

बाबा, उद्या दुपारी पडून उठलात की मला मेसेज करा. "बरा आहे" एवढंच नको. मळ्याच्या मोजणीचं काय झालं, नानाकाका काय म्हणाले, तुमचं काय मत आहे, सगळं सविस्तर. आईला ऐकवायची गरज नाही. मी मीटिंगमध्ये असले तरी लगेच वाचेन.

तुमची,
मनू