धडक त्याने मारली, मग घासाघीस आपल्याशी का?

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

विषय जर्मनीतला आहे पण पुण्या-नाशिकहून इकडे येणाऱ्या पोरांच्या कामाचा आहे म्हणून लिहितोय. इथे आपली मंडळी सेकंडहँड गाडी घेतात, कोणीतरी मागून ठोकतं, आणि लगेच ठोकणाऱ्याच्या इन्शुरन्सवाल्यांचा गोड फोन येतो की गाडी आमच्या गॅरेजला द्या, तपासणारा माणूसही आमचाच येईल, तुम्ही टेन्शन घेऊ नका. आपले लोक हो म्हणून मोकळे! कारण क्लेम म्हणजे आपली पॉलिसी, आपला एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) आणि कंपनीचा सर्व्हेयर, हे भारतातून डोक्यात बसलेलं असतं.

इथे तसं नाहीये. चूक पूर्ण समोरच्याची असेल तर नागरी कायद्याच्या कलम 249 प्रमाणे गाडी होती तशी करायचा खर्च त्याच्या माथी, गॅरेज आणि नुकसान तपासणारा एक्स्पर्ट तुमच्या पसंतीचा, एक्स्पर्टची आणि वकिलाची फीसुद्धा साधारणपणे त्यांच्याकडूनच (नुसतं खरचटलं असेल, अंदाजे 750 युरोच्या आतलं, तर गॅरेजचं एस्टिमेट पुरतं). रिपेअर केलीच पाहिजे असंही नाही, एक्स्पर्टच्या रिपोर्टवर पैसे घ्या आणि डेंट ठेवा तसाच, फक्त व्हॅट खरंच भरला असेल तरच मिळतो. जानेवारी 2025 मध्ये तर कार्ल्सरुहच्या सर्वोच्च न्यायालयाने, गाडी तुर्कस्तानात रिपेअर करून आणलेल्या माणसालाही जर्मनीतल्या रेटने पैसे मागता येतात असं सांगितलं, तिकडे किती खर्च झाला ते दाखवायचीसुद्धा गरज नाही.

माझी चिडचिड पुढच्या गोष्टीवर आहे. रिपोर्ट पाठवला की उलट टपाली कंपनीचा एक चेकिंग रिपोर्ट येतो. लेबरचा तासाचा रेट कमी, गाडी पेंटशॉपला नेण्या-आणण्याचे पैसे कट, पार्ट्सवरचा जादा टक्का कट, आणि खाली कुठल्यातरी स्वस्त गॅरेजचा पत्ता. मलाही आलाय असा, आणि कागद इतका सरकारी थाटाचा असतो की माणसाला वाटतं हाच निकाल. अरे पण ती समोरची पार्टी आहे, कोर्ट नाही!

स्वस्त गॅरेज दाखवायची मुभा कोर्टाने 2009 मध्ये दिलीये हे खरं, पण काम त्याच दर्जाचं हवं, आणि गाडी 3 वर्षांच्या आतली असेल किंवा कायम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच गेलेली असेल तर सहसा ते चालत नाही, म्हणून सर्व्हिसची बिलं जपा. आणि खरंच रिपेअर केली असेल तर त्याच कोर्टाचे जानेवारी 2024 चे निकाल बघा, गॅरेजने बिल फुगवलं किंवा न केलेलं काम लावलं आणि तुम्हाला ते कळणं शक्य नव्हतं, तर भुर्दंड ठोकणाऱ्याच्या बाजूला, त्यांनी मग गॅरेजशी भांडावं. बिल अजून भरलं नसेल तर पैसे थेट गॅरेजला द्या असं मात्र मागावं लागतं.

जुन्या गाडीचंही तेच. भारतात खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) 75 टक्क्यांवर गेला की टोटल लॉस, इथे तशीच दुसरी गाडी घ्यायला जे पडेल त्याच्या 130 टक्क्यांपर्यंत रिपेअर मिळते, अट एवढीच की काम रिपोर्टप्रमाणे पूर्ण करायचं आणि सहसा पुढे 6 महिने गाडी वापरायची.

ऑक्टोबरच्या आधी छापलंत तर बरं होईल, नवीन सेमिस्टरची पोरं तेव्हाच येतात.

– एक वाचक, स्टुटगार्ट