यूएक्स शिकताना आधी कागद-पेन्सिल

संपादक महोदय,

यूएक्स डिझाइन (अॅप किंवा वेबसाइट वापरणाऱ्याला सोपी जाईल अशी रचना करणं) शिकायला पुण्याला किंवा बंगळुरूलाच जायला हवं, असं इंदूरच्या बऱ्याच पालकांना अजून वाटतं. डेन्मार्कमधली 'इंटरॅक्शन डिझाइन फाउंडेशन' ही ना-नफा संस्था २००२ पासून या विषयात आहे. वार्षिक वर्गणीत तिचे बहुतेक ऑनलाइन कोर्स करता येतात. मात्र नुसती प्रमाणपत्रांची चळत कामाची नाही.

मुलं पहिल्याच दिवशी फिग्मा हे स्क्रीन डिझाइन करण्याचं सॉफ्टवेअर उघडून रंग भरत बसतात, तिथेच गाडी अडते. आधी कागदावर पेन्सिलीने चार-पाच स्क्रीन काढा. राजवाड्याजवळच्या पाच जणांपुढे ठेवा आणि 'सिटी बसचा पास काढून दाखवा' एवढंच सांगा. मग गप्प बसा (हेच सगळ्यात अवघड!). बोट कुठे अडखळतं ते टिपून घ्या. पुढे मोबाइलवर चाचणी घेताना चाळिशी लागलेल्या मावशींना फिकट राखाडी अक्षरं वाचता आली नाहीत, तर कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक, तपासा. तो किमान ४.५:१ हवा. अँड्रॉइडवर बटण ४८ डीपीहून (डीपी हे अँड्रॉइडचं स्क्रीनवरचं माप) लहान ठेवलं की अंगठा शेजारच्यावर पडतो. दुरुस्ती करून पुन्हा नवे पाच जण. अशा दोन फेऱ्या, चुकलेल्या कागदांच्या फोटोंसकट, पोर्टफोलिओत ठेवाव्यात.

– एक वाचक, इंदूर