‘धुऊन खा’ म्हणणाऱ्यांसाठी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला सेंद्रिय भाजीवरचा लेख वाचला. लेख खुसखुशीत आहे, हे आधी मान्य करते. तागाच्या पिशव्या, दुप्पट भाव, किडकी वांगी कौतुकानं घरी नेणाऱ्या बायका... हसू आलं. मीही नेते किडकी वांगी. पण भाजीवरच्या कीटकनाशकांचं काय, यावर शेवटी लेखकमहाशय ‘मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, नळाखाली धरा, विषय संपला’ असं लिहून मोकळे झाले, तिथे मात्र डोकं फिरलं.

महाशय, आंतरप्रवाही औषध, म्हणजे झाडाच्या आत भिनणारं कीटकनाशक, नावाची एक गोष्ट असते. कोणत्याही कृषी सेवा केंद्रात विचारा, काउंटरवरचा पोरगाही सांगेल. ते पानावर बसत नाही, आत शिरतं आणि रसातून झाडभर हिंडतं. रस शोषणारा मावा आणि तुडतुडे मरतात ते त्यामुळेच. वरवर मारलेलं औषध आणि धूळ पाण्यानं बरीचशी जाते, नाही असं नाही. पण जे आतच आहे, ते तुमच्या मिठाच्या पाण्याला घाबरून बाहेर येणार आहे का?

आता मी हे कुठे शिकले ते सांगते. माझं माहेर निफाड तालुक्यातलं. धाकटा भाऊ द्राक्ष बागाईतदार आहे. काही वर्षांपूर्वी ऐन हंगामात घरच्या कार्याला गेले होते. त्याचे दोन प्लॉट, मध्ये फक्त एक गाडीवाट. अलीकडचा एक्स्पोर्टसाठी नोंदवलेला. त्याची वही घरात देवघराशेजारच्या कपाटात असते. कोणत्या तारखेला कोणतं औषध मारलं, किती मारलं आणि त्यानंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं, सगळं त्यात लिहिलेलं. आम्ही तिथे असतानाच प्रयोगशाळेचा माणूस आला. वेगवेगळ्या ओळींतले घड त्यानं स्वतः कापले, पिशवीत घातले, सील केलं आणि सही घेतली. अहवाल येईपर्यंत त्या बागेत कात्री लावायची नाही.

आणि गाडीवाटेच्या पलीकडे, लोकलच्या, म्हणजे इथल्या बाजारासाठीच्या प्लॉटमध्ये, ट्रॅक्टरला लावलेला फवारणीचा ब्लोअर घुर्र घुर्र चालला होता. आभाळ भरून आलेलं, डाउनी या बुरशीची धास्ती, आणि व्यापारी परवा माल उचलणार. संध्याकाळी मी सहज तिकडचा एक घड तोडला. भाऊ ओट्यावरून ओरडला, “ताई, तो ठेव खाली! पोरांसाठी न्यायचे तर इकडच्या प्लॉटमधले ने.”

“मग तिकडचे कोण खाणार?”

“ते मार्केटला जातील की.”

इतकं साधं उत्तर. त्यात लपवाछपवी नव्हती आणि मला त्याचा रागही आला नाही. दोन छाटण्या, मजुरी, औषधं, सोसायटीचं कर्ज, एवढं सगळं घालून बसलेला माणूस अवकाळीच्या एका रात्रीत हात झाडून मोकळा होतो, हे मी लहानपणापासून पाहिलं आहे. शिवाय आजवर लोकलच्या व्यापाऱ्यानं त्याच्याकडे ती वही मागितलेली नाही. जो मागतो त्याला द्यावी लागते. युरोपातला खरेदीदार मागतो.

२०१० साली काय झालं, ते आपल्या वृत्तपत्रातच छापून आलं असेल. क्लोरमेक्वाट, म्हणजे बागाईतदार ज्याला सीसीसी म्हणतात ते वेलीची वाढ रोखायचं संजीवक. त्याचे अंश सापडले म्हणून आपली द्राक्षं युरोपात अडली आणि नाशिकपासून सांगलीपर्यंत बागाईतदारांचं कंबरडं मोडलं. मग तपासणीच्या यादीत ते नाव आलं. बरोबरच झालं. पण त्याच हंगामात आपल्या गल्लीतल्या हातगाडीवर द्राक्षं विकली जात होतीच ना? त्यांना कुणी काही विचारलं? भाजीपाल्यातले अंश तपासायची केंद्र सरकारची योजना आहे, नमुने घेतले जातात, हे मला ठाऊक आहे. पण त्या नमुन्याचा अहवाल येईपर्यंत ती भेंडी आमच्या पोटात जाऊन बरेच दिवस झालेले असतात. युरोपातल्या पोराला प्रयोगशाळेचा अहवाल आणि आमच्या नातीला नळाचं पाणी. एवढाच काय तो फरक!

म्हणून मी सेंद्रिय घेते. सगळं नाही, आम्ही काही जहागीरदार नाही. मेथी, कोथिंबीर, पालक, मिरची, फ्लॉवर, वांगी आणि नातीला आवडते म्हणून भेंडी. नारळ, केळी, मक्याची कणसं साधीच आणते. सेंद्रियमध्ये जीवनसत्त्वं भरभरून असतात, असं मी कधी म्हटलेलं नाही आणि कुणी म्हटलं तर त्यावर तुमच्या लेखकांनी खुशाल विनोद करावेत. द्राक्ष पूर्ण सेंद्रिय करणं किती कठीण आहे, तेही भावाकडे बघून कळतं. सेंद्रिय बागेतही बुरशीसाठी मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण मारावंच लागतं.

आणखी एक. लेखकांनी फक्त खाणाऱ्यांचा विचार केला. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेनं गेले. त्यांनी काय धुवायला हवं होतं?

सेंद्रियच्या नावाखाली थोतांड चालतं, हे कबूल. आमच्याच भागात एका दुकानात साध्या गुळावर ‘सेंद्रिय’चं स्टिकर लावताना मी पाहिलं. विचारलं तर म्हणे, “काकू, गूळ नॅचरलच असतो.” पण त्यासाठीच तर प्रमाणित सेंद्रिय मालावर लावायचं ‘जैविक भारत’चं सरकारी चिन्ह आणलं आहे, सेंद्रिय अन्नाचे २०१७ चे नियम आहेत. एखादं शेत सेंद्रिय म्हणून प्रमाणित व्हायला साधारणपणे हंगामी पिकाला दोन वर्षं आणि फळबागेला तीन वर्षं थांबावं लागतं. छोट्या शेतकऱ्यानं स्वतः आणून थेट विकलं तर त्याला प्रमाणपत्रातून सूट आहे. म्हणून मी ज्याच्याकडून पालेभाजी घेते, त्याच्या शेतावर एकदा जाऊन आले. शेण-गोमूत्राच्या जीवामृताच्या पिंपाचा वास अजून नाकात आहे! हे सगळं अर्ध्या पानाच्या लेखात बसलं असतं. त्याऐवजी आमच्या पिशव्यांच्या रंगावर दोन परिच्छेद खर्च झाले. असो. लेखक मोठे आहेत.

आपल्या दैनिकाला एवढंच सुचवते की, शहरातल्या बाजारातून पाच भाज्या आणि किलोभर द्राक्षं घ्या, ‘सेंद्रिय’ म्हणून विकलेल्याही घ्या आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या. जो अहवाल येईल तो पहिल्या पानावर छापा. स्टिकरवाले उघडे पडले तर मलाही आनंदच होईल. खर्च परवडत नसेल तर त्या लेखाच्याच पानावर खाली जी कीटकनाशकाची पाव पान जाहिरात होती, तिचे पैसे वापरता येतील.

कळावे,
आपली नियमित वाचक,
इंदिरानगर, नाशिक
(नाव छापू नये. भावाच्या गावी पेपर जातो.)

ता. क. गेल्या महिन्यात पथदिव्यांबद्दल मी पत्र पाठवलं होतं. त्याची आपल्याकडे खरडछाटणी झाली आणि कोणत्या चौकातले दिवे बंद आहेत, नेमकं तेच वाक्य गळालं. दिवे अजून बंद आहेत. या पत्रातलं काही कापायचं असेल तर सुरुवातीचं लेखाचं कौतुक कापावं.