खऱ्या विमानात हाताला काय कळतं

प्रिय मन्या,

परवा फोनवर तू विचारलंस की घरच्या कॉम्प्युटरवर विमान उडवायच्या सिम्युलेटरवर एवढी वर्षं घालवल्यावर खरं विमान कसं वाटलं, आणि मी ऑफिसच्या गडबडीत "लय भारी" म्हणून फोन ठेवला. ते मनाला लागून राहिलं, म्हणून आता निवांत लिहितोय.

सांगलीला तुमच्या माडीवर आपण फ्लाइट सिम्युलेटर ९८ लावायचो आठवतं ना, शिकागोचं मेग्ज फील्ड, डाव्या हाताला त्या उंच बिल्डिंगा आणि उजवीकडे लेक मिशिगन, काकू जेवायला हाका मारून दमायच्या. ते विमानतळ २००३ मध्ये रातोरात उखडलं, मला अजून वाईट वाटतं.

तर शनिवारी इथे कॅलिफोर्नियात पालो आल्टोच्या छोट्या विमानतळावरून सेस्ना १७२ या चार सीटच्या छोट्या विमानात डिस्कव्हरी फ्लाइट, म्हणजे नवख्यांसाठीचं पहिलं चाखून बघायचं उड्डाण, घेतली, शेजारी इन्स्ट्रक्टर बाई. याच रनवेवरून मी घरी शेकडो वेळा उडालोय. इंजिन सुरू करताना मास्टर स्विच, मिक्श्चर, मॅग्नेटो, हात आपोआप जात होते, ५५ नॉट्सला (ताशी शंभरेक किमी) नाक उचललं आणि खाली खाडीतली मिठागरं, पुढे डम्बार्टन ब्रिज, सगळं जिथल्या तिथे. डोळ्यांना नवीन असं काहीच नव्हतं.

नवीन होतं ते हातांना. आपला घरचा योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, स्प्रिंगवर चालतो, सोडला की मधोमध येतो. खऱ्यात तो हवेला जोडलेला असतो रे, वेग वाढला की जड, कमी झाला की ढिला पडतो, म्हणजे काट्याकडे न बघता वेग कळतो. आणि ट्रिम, म्हणजे योकवरचं ओझं काढून टाकायची सोय! घरी मी आकडे बघून बटण दाबत बसायचो. इथे आधी नाक पाहिजे तिथे धरायचं, मग ते छोटं चाक हळूहळू फिरवायचं, हातातलं ओझं कमी कमी होत जातं आणि एका क्षणी पार नाहीसं होतं, दोन बोटांवर विमान उभं राहतं. मी ते तीनदा मुद्दाम करून बघितलं.

बाईंनी थोड्या वेळाने वेग-उंची दाखवणाऱ्या डायलांवर सरळ कागदच लावला, म्हणाल्या, बाहेर बघ. सिमवाल्यांची ही आकड्यांकडे बघत बसायची सवय त्या लगेच ओळखतात, स्क्रीनवर आपल्याला आकड्यांशिवाय आधारच नसतो ना. चढताना विमान डावीकडे ओढतं ते कमरेला जाणवतं, ते सरळ करायला उजवा पाय पेडलवर आपसूक पुढे जातो. लँडिंग मात्र त्यांनीच केलं, मी नुसता योकला हात लावून होतो, शेवटच्या काही फुटांत रनवे दोन्ही बाजूंनी एकदम पसरायला लागतो आणि त्यावरून उंची कळते, एका सपाट मॉनिटरवर ते दिसणारच नाही.

इथे प्रायव्हेट लायसन्सला किमान ४० तास लागतात, मंजूर ट्रेनिंग डिव्हाइसवरचे अडीच तास धरतात, पण घरच्या पीसीवरचा एकही नाही. आधी मला हा अन्याय वाटायचा, आता पटतं. तरी तुझ्या पोरीला सिम घेऊन दे, चेकलिस्ट, रेडिओवरचं बोलणं, ढगात नुसत्या उपकरणांवर उडणं, हे घरी खरंच छान शिकता येतं. फक्त महागड्या मॉनिटरच्या आधी रडर पेडल्स (विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवायची पायाची पेडल्स) घे आणि ऑटो-रडर, म्हणजे ते काम सिमने आपोआप करायची सोय, पहिल्या दिवसापासून बंद ठेव.

मी पुढच्या महिन्यापासून रीतसर शिकणार आहे, पैसे बाजूला काढलेत. डिसेंबरात येशील तेव्हा बाईंना विचारून ठेवतो, मागची सीट तुझी.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
सच्या