अँटेना उतरवल्यानंतरचे प्रश्न

संपादक महोदय,

दूरदर्शनचे बहुतेक अॅनालॉग प्रक्षेपक 2022 पर्यंत बंद झाले. गच्चीवरच्या जुन्या अँटेनाला सेट-टॉप बॉक्स जोडून फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची मोफत उपग्रह सेवा, दिसत नाही. त्याला डिशची छत्रीच लागते. फ्री डिशचा जीसॅट-15 हा उपग्रह 93.5 अंश पूर्व रेखांशावर आहे, म्हणजे मुंबईहून छत्रीचे तोंड आग्नेयेकडे हवे. तिकडे नारळ किंवा शेजारची इमारत आडवी येत असेल तर खांब वाढवून फारसा उपयोग नाही, जागाच बदला.

अॅनालॉगला सिग्नल कमी पडला की मुंग्या दिसत, पण बातम्या ऐकू येत. डिजिटलमध्ये चित्राचे चौकोन होतात आणि मग सगळेच गप्प. पावसाळ्यात छत्रीला दोष देण्याआधी एलएनबीजवळचा (छत्रीसमोरचा, सिग्नल पकडणारा भाग) कनेक्टर उघडून पाहा. आत हिरवट थर असेल तर पाणी शिरलेले असते. वायरीच्या जाळीचा केसाएवढा धागा मधल्या तांब्याला टेकला, तरी ‘नो सिग्नल’. वायर तेवढी कापून नवा कनेक्टर बसवावा, वर रबर टेप गुंडाळावी.

एमपेग-2 आणि एमपेग-4 या चित्र दाबून पाठवण्याच्या जुन्या आणि नव्या पद्धती; एमपेग-2 बॉक्सवर एमपेग-4 वाहिन्या कितीही स्कॅन केल्या तरी दिसत नाहीत. विक्रेते हे आधी सांगत नाहीत, ही आमची खरी तक्रार.

— डिश जोडणी करणारे काही कारागीर