भिंत डाव्या हाताला

तीर्थस्वरूप मोठीआईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र नातू तुला वाचून दाखवील. अर्धं ऐकलंस की तू उठशील, "चार लोकायत काहून सांगून राह्यली व हे," म्हणशील आणि चुलीकडं निघून जाशील. म्हणून त्याला बजावून ठेवलंय, आजीच्या मागंमागं जाऊन वाच. तुझ्या तोंडावर मला हे बोलता आलं नसतं. दारव्ह्याच्या स्टँडवर तुला बसमध्ये बसवलं तेव्हाही "पोचलीस की फोन कर" एवढंच तोंडातून निघालं. बस गेली, अन् मी तिथंच रसवंतीच्या बाकावर बसून पदरानं डोळे पुसत होते. रसवाल्याला वाटलं, पोरगी पहिल्यांदा सासरी चालली. दोन लेकरांची माय आहे मी.

यांची बदली वणीकडून इकडं झाली ती ऐन मे महिन्यात. लाईनमनला बदली मिळते, सुट्टी मिळत नाही. वादळाचे दिवस. एक झाड तारेवर पडलं की हे रात्री बाराला गाडी काढून चालले. घर आवरायला मी एकटी, अन् पायात ही दोन लेकरं. मोठी पाच वर्षांची, लहाना पावणेतीनचा. नवतपा सुरू झालेला, पारा पंचेचाळीसला टेकलेला, आणि वणीकडच्या घरात कपाटामागं, पंख्यावर, जात्याच्या खाली, जिथं हात घालावा तिथं कोळशाची काळी धूळ. लेकरं त्या धुळीत लोळायची अन् रात्रभर खोकायची.

तेव्हा फोन लावायला मी घाबरत होते. कारण तुला माहीत आहे. तीन वर्षांमागं आम्ही घर बदललं तेव्हा लहाना पोटात होता, सातवा महिना. जवळच्याच एका नातेवाइकांनी स्वतःहून सांगितलं होतं, "पोरीची काळजी करू नका, आम्ही आहोत ना." शहरात घर, दोन खोल्यांत एसी. सकाळी मोठीला तिथं सोडलं आणि सामान घेऊन निघालो. करंजीपर्यंत टेम्पो गेला नाही तोच फोन. "घेऊन जा बापा हिला, आमच्या घरात कोणाला झोप नाही." सातव्या महिन्यात ती काळीपिवळी पकडून मी उलटी गेले. दोन वर्षांची पोर दारातल्या चपलांजवळ बसवून ठेवली होती, पिशवीसकट. आणि यावर कहर म्हणजे, त्यानंतर प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात त्यांनी सांगितलं की यांच्या शिफ्टिंगच्या वेळी पोरगी आम्हीच सांभाळली. मी ऐकून घेतलं. यंदा त्यांना बदलीचं कळलं तेव्हा त्यांनी मोबाइलवर हात जोडलेलं चित्र पाठवलं. चला, निदान खर्च नाही त्याला.

तुला मी फोन केलाच नव्हता. बाबांकडून तुला कळलं. तू ना सख्खी, ना जवळची. बाबांच्या चुलतभावाची बायको. तुझा फोन आला तो बरोब्बर दोन वाक्यांचा. "लेकरं इकडं आणून टाक. तुमचं मांडून झालं का नेजा." पुढं मी काही बोलायच्या आत तू ठेवून दिलास, कारण दारात शेणखताची बंडी उभी होती.

अन् दिवस तरी कोणते! तुमची वखरणी चाललेली, वावरातल्या पऱ्हाट्या अजून गोळा व्हायच्या होत्या. कपाशी १ जूनच्या आधी लावू नका, बोंडअळी येते, असं कृषीवाले दरवर्षी सांगतात म्हणून, नाहीतर मोठेबाबा बियाणं घेऊन पावसाची वाट पाहत धुऱ्यावरच बसले असते. त्या धांदलीत तू माझी दोन लेकरं सहा दिवस ठेवून घेतलीस. मी तुला दोन पानांची यादी दिली होती. दूध किती वाजता, तापाचं औषध किती, ओआरएसची पुडी कशात कालवायची, लहान्याला आंबा एकाच फोडीच्या वर द्यायचा नाही. तू ती यादी देवळीत ठेवलीस, चिंतामणीच्या फोटोमागं. नंतर कळलं, लहान्यानं रोज दोन आंबे खाल्ले आणि त्याला काहीच झालं नाही. कळंबला चिंतामणीच्या देवळात पायऱ्या उतरून खाली गेला, तर वर यायलाच तयार नाही, खाली गार लागते म्हणून. मोठेबाबांनी बंडीत बसवलं, कासरा हातात दिला. मोठीला आता रसासोबत सरगुंडेच पाहिजेत. मला करता येत नाहीत, हे तू मुद्दाम केलंस.

पण मला जे लिहायचं आहे ते वेगळंच.

सातव्या दिवशी तू लेकरांना घेऊन एसटीनं आलीस. कळंबहून यवतमाळ, तिथून दारव्हा, तिथून आमच्या गावापर्यंत ऑटोत दाटीवाटीनं. कडेवर लहाना, बोटाला मोठी, डोक्यावर बोचकं. नवीन घरात आलेलं माणूस आधी घर पाहते. न्हाणी कुठं, नळ किती दिवसाआड, भाडं किती. तू पाणीसुद्धा घेतलं नाहीस. उंबऱ्यातूनच विचारलंस, "पोरीची खाट कोठी टाकतं? भित डाव्या हाताले पायजे इले." आणि माझं उत्तर न ऐकता पदर खोचून खाट ओढायला लागलीस. मला वाटलं, काही वास्तूचं असेल. मनात हसले पण. त्या रात्री मोठी अनोळखी घरात एका दमात झोपली, तेव्हाही मला काही उमगलं नाही. दमली असेल म्हटलं.

दहा-बारा दिवसांनी तिनंच सांगितलं. केस विंचरून देत होते. सहज म्हणाली, "आजीकडे पहिल्या दिवशी मला भिंतच नव्हती."

मग एकेक करून सगळं काढून घेतलं तिच्याकडून. पहिल्या रात्री तू तिला बरोब्बर कूलरसमोर झोपवलं होतंस, घरातल्या सगळ्यात गार जागी, खोलीच्या मधोमध. ती रडली नाही. तिला रडायची भीती वाटते परक्या घरी, त्या चपलांजवळच्या दिवसापासून असेल कदाचित. नुसती जागी राहिली आणि अंधारात हात हवेत चाचपत राहिली. तुझी झोप उघडली. दुसरं कोणी असतं तर म्हटलं असतं, डोळे मीट, झोप येते. तू विचारलंस, "काय पाह्यतं व माय?" ती म्हणाली, भिंत. मग रात्री एक वाजता तू मोठेबाबांना उठवलंस, दोघांनी ती लोखंडी खाट उचलून पलीकडच्या भिंतीला लावली. फरफटत नेली असती तर लहाना उठला असता, म्हणून उचलून. तिकडं कूलरचं वारं पोचत नाही. म्हणून तूही तिकडंच खाली सतरंजी टाकलीस आणि वहीच्या पुठ्ठ्यानं तिला वारा घालत बसलीस. सहाच्या सहा रात्री. दिवसभर वावरात राबून.

मी तिची आई. जन्मल्यापासून ती डाव्या हाताचा तळवा भिंतीला टेकवून झोपते, मला माहीत होतं. दोन पानांच्या यादीत मी ते लिहिलं नाही. मला ते लिहिण्यासारखं वाटलंच नाही.

आणि एक सांगते. वणीकडचं घर सोडताना खाटेजवळच्या भिंतीवर एक तेलकट काळा डाग होता, हातभर उंचीवर. घरमालक म्हणाले, भिंत खराब केली, पाचशे रुपये कापणार. मी साबण-ब्रश घेऊन अर्धा तास ते घासलं आणि मनातल्या मनात पोरीवरच चिडले. त्यावेळी तू कळंबकडं तिच्यासाठी भिंत शोधून ठेवली होतीस. डाग गेला नाही. पैसे कापले गेले. आता वाटते, बरं झालं, राहू दे तिथं.

सख्खं-चुलत हे लग्नपत्रिकेपुरतं खरं असेल, मला आता त्याचं काही वाटत नाही. यांना सांगितलं तर हे बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, मोठीआईकडच्या मीटरची वायर जुनी झाली आहे, मी येऊन बदलून देतो. त्यांना आभार असेच मानता येतात. येऊ दे त्यांना, नाही म्हणू नको.

तुझा पितळी गडू इकडंच राहिला आहे आणि सरगुंड्यांचा डबाही. रिकामा डबा धाडायचा नाही हे तूच शिकवलंस, म्हणून ठेवून घेतला. पोळ्याला आम्ही चौघं येतो. लहान्याला यांनी लाकडी नंदी आणायचं कबूल केलंय, तान्ह्या पोळ्याला तो तुमच्या गावातूनच फिरवणार म्हणतो. मोठीनं निरोप दिलाय, खाट आहे तिथंच ठेव, पण यावेळी तू वर झोप, ती खाली झोपते. भिंत खालीही आहे म्हणते.

तुझी,
दारव्ह्याकडची पोरगी