पोट धुण्याचे घरगुती संच आणि एका शेजाऱ्याचा अनुभव

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

मी ३४ वर्षे परिचारिका म्हणून नोकरी केली. एनिमा देणे, म्हणजे गुदद्वारातून नळीने पाणी सोडून पोट साफ करणे, हे आमचे रोजचे काम होते. कॅन, रबरी नळी, नोझल आणि साबणाचे कोमट पाणी हे सगळे ट्रॉलीवर कायम मांडलेले असे आणि बाळंतपणाला आलेल्या प्रत्येक बाईला एनिमा मिळाल्याशिवाय ती प्रसूतिकक्षात जात नसे. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ साली सरसकट एनिमाची ही प्रथा अपायकारक किंवा निरुपयोगी ठरवून ती बंद करावी असे सांगितले. रुग्णालये ज्या गोष्टीतून विचारपूर्वक बाहेर पडली, तीच आता ‘आतडी धुण्याचा संच’ म्हणून मोबाइलवरून मागवली जाते आणि न्हाणीघरात एकट्याने, कोणत्याही तपासणीशिवाय वापरली जाते, हे पाहून मी हे पत्र लिहीत आहे.

आमच्या शेजारच्या काकांचे वय ७१. रक्तदाबासाठी त्यांना लघवी वाढवणारी गोळी चालू आहे. दोन महिन्यांपासून शौचाला साफ होत नव्हते, पोट जड वाटत होते. त्यांनी एक संच मागवला, तो न्हाणीघरातल्या टॉवेलच्या खुंटीला अडकवला आणि चित्रफितीत सांगितल्याप्रमाणे ‘बाहेर येणारे पाणी नितळ होईपर्यंत’ गीझरचे साधे पाणी पुन्हा पुन्हा आत घेतले. संध्याकाळी ते असंबद्ध बोलू लागले आणि सूनबाईंना ओळखेनात. घरच्यांना अर्धांगाचा झटका वाटला. रुग्णालयात रक्त तपासले तेव्हा सोडियम ११६ निघाले. निरोगी माणसाचे ते १३५ ते १४५ असते. चार दिवस अतिदक्षता विभागात काढून ते घरी आले.

मोठे आतडे हा काही नळाचा पाइप नाही. पाणी आणि क्षार शोषून घेणे हेच त्याचे काम आहे, त्यामुळे आत सोडलेले साधे पाणी सगळेच बाहेर येत नाही, बरेचसे रक्तात जाते आणि रक्तातले सोडियम पातळ होते. वयस्कर माणसाला, त्यातही लघवीची गोळी चालू असलेल्याला, हे सोसत नाही. मूत्रपिंड दुबळे असलेल्यांना औषधाच्या दुकानात मिळणारा फॉस्फेटचा तयार एनिमाही धोक्याचा ठरू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ साली २४ तासांत एकापेक्षा जास्त मात्रा घेऊ नये अशी सूचना काढली होती. कॉफीचा एनिमा तर याहून वाईट. त्याने गुदाशय भाजल्याच्या आणि क्षार बिघडून माणसे दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

आम्हाला शिकवले होते की रुग्णाला डाव्या कुशीवर झोपवायचे, उजवा गुडघा पोटाशी घ्यायचा, नोझलला जेली लावून ते आधी बेंबीच्या रोखाने सरकवायचे आणि जरा अडथळा लागला तरी जोर करायचा नाही. कॅन दीड फुटापेक्षा वर धरायचा नाही, कारण उंची वाढली की दाब वाढतो. उभ्या किंवा उकिडव्या बसलेल्या माणसाला, डोक्याच्याही वर टांगलेल्या पिशवीखाली, यातले काय पाळता येणार? गुदाशयाची भिंत फाटली तर सुरुवातीला दुखणे थोडेच असते. माणूस घरीच थांबतो आणि दुसऱ्या दिवशी ताप चढतो, तोवर मळ पोटाच्या पोकळीत उतरलेला असतो.

शिवाय एकच नोझल घरातले सगळे वापरतात. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात १९७८ ते १९८० या काळात एका दवाखान्यातल्या आतडी धुण्याच्या यंत्रातून आमांशाचे अमिबा पसरले. किमान ३६ जण आजारी पडले, दहा जणांची आतडी कापावी लागली आणि त्यातले सहा जण गेले. आमांश आपल्याकडे घरोघरी आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

वर्षानुवर्षे आतड्याला चिकटलेला मळ आणि त्याचे रक्तात भिनणारे विष, ही जाहिरातींची मुख्य भीती आहे. आतड्याचे अस्तर काही दिवसांत नवे होते. तिथे जुना थर राहायला जागाच नाही. मळाच्या विषाची ही कल्पनाही शंभर वर्षांपूर्वीची. शौचाला झाल्याझाल्या डोके हलके होते, रक्तातले विष असे एका मिनिटात कसे उतरेल, हा साधा प्रश्न वॉल्टर अल्वारेझ या डॉक्टरांनी १९१९ मध्येच मांडला होता.

‘आपल्या आयुर्वेदात बस्ती आहेच की’ असे मला हमखास ऐकवले जाते. गुदद्वारातून औषध देण्याची ही पद्धत आयुर्वेदात आहे, आणि मला तिच्याविषयी आदर आहे. पण त्याच चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात बस्ती कोणाला देऊ नये याची सविस्तर यादी आहे. निरूह, म्हणजे काढ्याच्या, बस्तीत मध, सैंधव, तेल, कल्क (वनस्पतींची वाटलेली चटणी) आणि काढा ठरलेल्या क्रमाने घोटतात, मात्रा वयाप्रमाणे ठरते, आणि देणारा वैद्य समोर असतो. गीझरच्या पाण्याला बस्ती म्हणणे हा त्या शास्त्राचाच अपमान आहे. मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णांना घरी आतडे धुवावे लागते, हेही खरे. पण त्यांना ते तज्ज्ञांनी हाताला धरून शिकवलेले असते.

काकांची नंतर दुर्बिणीने तपासणी झाली आणि आतड्यात एक गाठ सापडली. सुदैवाने ती वेळेत काढता आली. पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलली तर आधी डॉक्टरांकडे जायला हवे, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. ‘कोठा साफ करा’ एवढेच सगळ्यांनी सांगितले.

माझ्या दोन विनंत्या आहेत. अशा प्रत्येक संचावर हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार, रक्ती मूळव्याध आणि आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी तो डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय वापरू नये, असे ठळक मराठीत छापण्याची सक्ती अन्न व औषध प्रशासनाने करावी. आणि आपल्या आरोग्य पुरवणीत या संचांच्या जाहिराती लेखाच्या रूपात येऊ देऊ नयेत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका, सातारा